खाण ते बंदर

६ जानेवारी, सोमवार

आज मागच्या खोलीतला निळा पडदा उतरवला. त्याच्यासमोर अर्धं गाव ताठ बसून गेलंय. मान जरा डावीकडे, हनुवटी खाली, हलू नका, झालं. आता पासपोर्टचा फोटोसुद्धा लोक घरच्या भिंतीला टेकून फोनवर काढतात. स्टुडिओची पाटी पुसायला मीच चढतो आणि ती वाचणाराही मीच.

तर ठरलं ते ठरलं. मागच्या खोलीत रेल्वे इंजिनाची केबिन बसवायची. समोर भिंतभर पडदा, त्यावर ट्रेन सिम्युलेटरचा गेम, खाली खरी हँडलं, ड्रायव्हरची खुर्ची. लोकांनी यावं, तासभर गाडी हाकावी, खूश होऊन जावं.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, यात माझे भागीदार. त्यांनी जन्मभर मालगाडी चालवली, आता निवृत्त आहेत. हँडलं त्यांनीच मोडीत निघालेल्या इंजिनातून मिळवली. गिऱ्हाइकांना शिकवायलाही तेच बसणार. माणूस सरळ, पण बोलायची काटकसर अशी की दोन वाक्यांच्या मध्ये एक चहा होतो.

सुतार माप घ्यायला आला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे चाकं नसलेलं इंजिन आणि न हलणारा प्रवास. यापेक्षा कपाट करून घ्या, निदान कपडे तरी राहतील."

९ जानेवारी

गेममध्ये मुळातले रूट दोनच, तेही कंटाळवाणे. बाकीचे ॲड-ऑन म्हणून वेगळे घ्यायचे. किती असावेत? डोळे फिरतात. डोंगरातले, समुद्रकाठचे, बोगद्यांचे, नुसत्या यार्डाचे. सगळे घ्यायचे तर संगणक बसेल आणि मीही. एका वेळी एक घ्यावा, लोकांना पटला की पुढचा.

भाऊजींनी एकच सांगितला. 'खाण ते बंदर.' ते ज्या मार्गावर गाडी चालवत, तोच हा. ती खाण केव्हाच बंद झाली, रूळही उचलले, आता तिथे झुडपं माजलीत म्हणे. त्या मार्गावरच्या कुणा निवृत्त सिग्नलवाल्याने घरी बसून एकट्याने तो गेमसाठी बनवलाय.

मी त्याची चित्रं पाहिली. झाडं पुठ्ठ्याची. आभाळ डब्यातून ओतल्यासारखं. तळं म्हणजे निळा प्लास्टिकचा कागद. प्रवासी गाडी नाहीच, नुसत्या खनिजाच्या वॅगनी. त्या वॅगनीही वेगळ्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे नवरी घ्या आणि दागिने दुसऱ्या दुकानातून आणा!

म्हटलं, "भाऊजी, हे बघायला कोण येणार?"

ते बराच वेळ हँडलाला तेल देत होते. मग म्हणाले, "येईल एखादं."

एखाद्याने धंदा होत नाही. बर्फातल्या डोंगराचा रूट घेतला. प्रवासी गाडी, लाल डबे, बोगद्यातून बाहेर पडलं की ऊन पडतं ते थेट तोंडावर. मी फोटोग्राफर आहे, उजेड म्हणजे काय ते मला कळतं. हा रूट ज्याने बनवला त्यालाही कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार

उद्घाटन झालं. गर्दी बरी होती. सुताराने केबिन अशी बनवलीय की खुर्चीत बसल्यावर आपोआप हात पुढे जातात. तोच सगळ्यांना सांगत होता, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, हे चालणार."

पहिला मान ताईला. तिला खुर्चीत बसवलं, भाऊजी शेजारी उभे. स्टेशन आलं तर म्हणते, "तो बघा, लाल झेंडा घेऊन एकटाच उभा आहे बिचारा. त्याला थंडी वाजत नसेल?" मी इतक्या वेळा ती गाडी चालवली, मला तो झेंडेवाला कधी दिसला नव्हता.

मग सगळ्यांना चहा देताना तिने कपाच्या बाहेरच ओतला. टेबलभर चहा. मी म्हटलं, "ताई, लक्ष कुठंय?" भाऊजींनी मुकाट्याने तिच्या हातातली किटली घेतली. ते घरात इतकं काम करत असतील असं वाटलं नव्हतं.

निघताना भाऊजी मागे राहिले. "तो दुसरा रूट. जरा लवकर जमेल का?"

म्हटलं, "आज तर दुकान उघडलंय भाऊजी! जरा दम धरा."

त्यांनी मान हलवली. निवृत्त माणसाला आपलं जुनं ऑफिस बघायची हौस असते. आपणही एक दिवस असेच होऊ.

१४ फेब्रुवारी

धंदा चालतोय! एक दातांचे डॉक्टर दवाखाना संपवून रोज येतात. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात बघून झाल्यावर बोगद्यात शिरायला त्यांना का आवडतं, देव जाणे. भाऊजी त्यांना ब्रेक शिकवतात. "आधी विचार, मग ब्रेक," एवढंच शिकवणं.

भाऊजींनी आज पुन्हा विषय काढला. मी हसण्यावारी नेलं. "तुमच्या रुटावर एक तरी बोगदा आहे का?"

"एक खिंड आहे."

"आणि खिंडीत काय आहे?"

"खिंड."

आता अशा माणसाशी काय बोलायचं!

नंतर जरा वाईट वाटलं. ते पैसे मागत नाहीत, वेळ मागत नाहीत, एक रूट मागतात. पण धंद्यात भावनेला जागा दिली की ती सोफ्यावर आडवी होते. पुढच्या महिन्यात बघू.

८ मार्च, शनिवार

स्टुडिओच्या काचेत लावायला ताई-भाऊजींचा फोटो काढायचा होता. 'या कुटुंबाचं इंजिन' अशी काहीतरी ओळ खाली लिहायची, असं डोक्यात होतं.

भाऊजी खांबासारखे बसले, ते एक वेळ चालेल. पण ताई! लेन्समध्ये बघेचना. माझ्या कानाकडे बघते, दिव्याच्या स्टँडकडे बघते. मी म्हटलं, "ताई, लेन्समध्ये. इकडे. माझ्या बोटाकडे."

"बघतेय की."

"भिंतीकडे बघतेयस. समोर बघ."

तिने डोळे मोठे केले, मान किंचित वळवली, पुन्हा तेच. चाळीसएक वर्षं लोकांना समोर बघायला लावतोय, तान्ही मुलं बघतात, कुत्री बघतात. मी चिडलोच. "तुला काढायचाच नसेल तर तसं सांग. माझा वेळ का घालवतेस?"

ती हसली. "माझा चेहरा राहू दे रे आता. यांचाच काढ."

भाऊजी उठले, म्हणाले, "पुरे." कधी आवाज चढवत नाहीत, आजही चढवला नाही, पण मी कॅमेरा खाली ठेवला.

हे दोघं माझ्यावर कशावरून तरी नाराज आहेत. तो रूट घेतला नाही म्हणून असेल. एवढ्याशा गोष्टीचा एवढा डोंगर? मीही माणूस आहे. मलाही चार गोष्टी बघाव्या लागतात.

१९ मार्च

डॉक्टरांना बर्फाचा कंटाळा आला. म्हणतात, "तुमचे भाऊजी सांगतात ते खरं असेल तर खरी मजा मालगाडीत आहे. वजन मागे असलं की गाडी वेगळीच वागते." म्हणजे भाऊजी त्यांच्याशी बोलतात तर!

चला, मालगाडी तर मालगाडी. दिवसभर तेच बघत बसलो. वाळवंटातला एक आहे, चार इंजिनं एकामागे एक, पण आठ तास नुसती सरळ रेघ. जंगलातला लाकडाच्या ओंडक्यांचा एक छान आहे, पण लोकांच्या तक्रारी आहेत की पुलावर गाडी गेली की गेम बंद पडतो. यार्डातला एक आहे, त्यात नुसते डबे जोडा आणि सोडा. ते करायला लोक माझ्याकडे कशाला येतील, घरी भांडी लावतील.

आणि मग सापडला. मोठ्या कंपनीचा, नवाकोरा, 'महाखनिज मार्ग'. खाण आहे, घाट आहे, शेवटी बंदर आहे. धुळीचे लोट उठतात. वॅगनीच्या कडेचा गंजसुद्धा दिसतो. पाण्यात ढगांचं प्रतिबिंब! शेजारीच तो सिग्नलवाल्याचा 'खाण ते बंदर' होता, तोच पुठ्ठा आणि तोच प्लास्टिकचा कागद. दोन्ही पुन्हा पुन्हा लावून बघितले. मनाशी म्हटलं, खाण इथेही आहे, बंदर इथेही आहे. भाऊजींना आणखी काय हवं? उलट हा बघून ते तो विसरतील.

घेतला. सांगितलं नाही, नुसता निरोप दिला: रविवारी दोघंही या, तुमची मालगाडी आलीय.

३० मार्च, रविवार

वाईट दिवस.

ताई ठेवणीतले कपडे घालून आली. केस नीट विंचरलेले. मला गंमत वाटली, म्हटलं, "गाडी बघायला आलीस की गाडीने लग्नाला निघालीस?" तिने खुर्ची पुढे ओढायला सांगितली. अजून पुढे. पडद्याला नाक लागेल इतकी पुढे. म्हटलं, "इतक्या जवळून नुसते ठिपके दिसतात, मागून बघ, चित्र मागून असतं." तिने ऐकलं नाही. भाऊजींना म्हणाली, "खिंड आली की आधी सांगा हं. मला तयार राहू दे."

भाऊजींनी गाडी सोडली. धूळ उठली, ऊन तिरपं आलं, मी मागे हाताची घडी घालून उभा. वाटलं, आता म्हणतील, वा!

थोड्या वेळाने त्यांनी गाडी थांबवली. हळूहळू, रीतसर. हात गुडघ्यावर ठेवले.

"हा तो नाही."

ताई म्हणाली, "असू दे. छान आहे हा पण."

मी म्हटलं, "भाऊजी, त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला आहे हा! यात झाडाचं पान न् पान वेगळं दिसतं."

"पानं नको होती," ते म्हणाले.

मग माझी जीभ सुटली. म्हटलं, मी धंदा करतोय, कुणाच्या आठवणींचं संग्रहालय नाही काढलं. म्हटलं, जे रूळच राहिले नाहीत त्यांच्यावर किती दिवस गाडी चालवणार? आणखीही काहीतरी बोललो. ताई मध्येच म्हणाली, "बास. त्याने प्रेमाने आणलाय." ती माझी बाजू घेत होती, पण बोलत होती माझ्या शेजारच्या खांबाशी. मला तेही लागलं.

जाताना दोघं पायऱ्यांवरून एकमेकांचा हात धरून उतरले. या वयात! राग आलेला असतानाही मला हसू आलं.

१६ एप्रिल

भाऊजी येईनासे झालेत. मोठ्या शहरात पेन्शनचं काहीतरी काम आहे म्हणे, दोघं मिळून जातात. पेन्शनच्या कामाला ताई कशाला लागते? सोडा. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

महाखनिज मार्गावर गिऱ्हाइकं खूश आहेत. डॉक्टर मात्र म्हणाले, "तुमच्या भाऊजींशिवाय मजा नाही. ते काही बोलत नव्हते, पण त्यांच्या न बोलण्यावरून कळायचं आपण चुकतोय."

मीही शेजारी उभा राहून न बोलायचा प्रयत्न केला. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काही होतंय का?"

९ मे, शुक्रवार

केबिनचं दार घासत होतं म्हणून सुताराला बोलावलं. रंधा मारता मारता म्हणाला, "तुमच्या ताई रागावल्यात का हो आमच्यावर? परवा बाजारात समोरासमोर आलो. मी हात केला, तर सरळ माझ्या अंगावरून निघून गेल्या. त्यांच्या लग्नातला पलंग माझ्या बापाने केलाय. मी काय केलं?"

म्हणजे राग माझ्यावरून आता माझ्या माणसांवर गेला! ताई अशी नाही. लहानपणी मी तिची पाटी फोडली तरी घरी पडली म्हणून सांगणारी ती. मी तिला किती दुखावलं असेल?

संध्याकाळी बसलो आणि 'खाण ते बंदर' घेतला. वॅगनींचा ॲड-ऑनही घेतला. बर्फाचा काढून टाकला, जागा केली. वॅगनी आधी दिसेचनात, इंजिन एकटंच उभं. कुठली तरी फाईल दुसऱ्याच जागी ठेवायची असते. अर्धी रात्र गेली त्यात, पण लागला.

चालवून पाहिला. खरंच कुरूप आहे हो. पण एक सांगतो, प्रत्येक सिग्नलच्या खांबाला नंबर आहे. एका सिग्नल केबिनच्या खिडकीत छत्री लटकवलेली आहे. त्या सिग्नलवाल्याची स्वतःचीच असणार. कुणी मागितली होती ती छत्री?

११ मे, रविवार

सकाळी भाऊजींना फोन केला. म्हटलं, "भाऊजी, घेतला! तुमचाच, तोच. कान पकडतो. ताईला घेऊन या."

ते म्हणाले, "आता नको."

"आता नको म्हणजे? चार महिने मागत होता ना?"

"हो. आता नको." आणि फोन ठेवला.

मी तडक त्यांच्या घरी गेलो. भांडायच्याच तयारीने. ताईने दार उघडलं, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि म्हणाली, "कोण?"

मी पायरीवरच उभा राहिलो.

"कोण आहे?" तिने पुन्हा विचारलं, मान जराशी वळवून, दाराच्या कडीकडे बघत. मग म्हणाली, "तूच ना रे? तुझ्या हाताला अजून त्या फोटोच्या औषधाचा वास येतो."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. भाऊजींनी चहा केला. ताईनेच सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. डोळ्याच्या मधोमध डाग पडतो आणि पसरत जातो. कडेकडेचं दिसतं. जिथे बघायला जावं नेमकं तेवढं जातं. उजवा डोळा गेल्या वर्षीच गेला. डावा जानेवारीत बरा होता. शहरातले डॉक्टर डोळ्यात इंजेक्शनं देतात, पेन्शनचं काम ते होतं. एप्रिलमध्ये डावाही गेला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नुकता कुठे त्या दुकानाच्या आधाराने उभा राहिला होतास. आणि तुला सांगितलं की तू माझ्याकडे बघणार, बोलणार नाहीस, नुसता डोळ्यांत बघत राहणार. मला ते नको होतं. मीच यांना शपथ घातली." ती हसली. "तरी हे मागत राहिले. यांच्या मानाने फारच बोलले."

"पण रूट कशाला हवा होता, ताई?"

तिने टेबलावरून हात फिरवत कप शोधला. "आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो ना, तिथे मागे टेकडी होती. पहाटे हे गाडी घेऊन यायचे ते टेकडीच्या पलीकडून. खिंडीच्या तोंडाशी शिट्टी द्यायचे. एक लांब, एक आखूड. ती आखूड माझी. ती ऐकली की मी पाणी तापवायला ठेवायची. इतकी वर्षं नुसती ऐकली. तिथे जायला ना रस्ता, ना पायवाट, ना प्रवासी गाडी. म्हटलं, डोळे आहेत तोवर एकदा बघून घ्यावं, हा माणूस कुठून हाक मारायचा ते."

भाऊजी ओट्याकडे तोंड करून उभे होते.

मी माफी मागितली. ताई म्हणाली, "तुला कुठे माहीत होतं!" हे ती इतक्या मायेने म्हणाली की ते ऐकवेना. माहीत नव्हतं, खरंच. पण मागणारा माणूस समोर उभा राहून मागत होता, तेवढं तर दिसत होतं ना!

१२ मे

दुकान उघडलं नाही. बैल गेला आणि झोपा केला. आईच्या तोंडची म्हण. तेव्हा मला वाटायचं, झोपा म्हणजे बैलाची झोप; गोठ्याचं दार, हे पुढे कळलं.

८ जून, रविवार

ताईनेच फोन केला. "तुझी गाडी चालू आहे का? येऊ म्हणते. यांनी तिकडे परत एकदा तरी जावं. मी सोबत."

दुकान बाकीच्यांना बंद ठेवलं. डॉक्टर दारावरून परत गेले, काही न विचारता. ताई आली ती साध्या घरच्या कपड्यांत. तिची खुर्ची मी पडद्याला टेकवून ठेवली होती. ती म्हणाली, "मागेच घे रे. आता जवळ काय न् लांब काय."

भाऊजींनी गाडी खाणीतून सोडली. ताईने मान उजवीकडे वळवली, भिंतीकडे. तसं केलं की डाव्या कडेने काहीतरी दिसतं म्हणे.

"हिरवं सरकतंय," ती म्हणाली.

मी लगेच सुरू झालो. डावीकडे दाट झाडी, पलीकडे निळंशार तळं, वर मोकळं आभाळ. खोटंच होतं, पुठ्ठा आणि प्लास्टिक होतं, मी माझ्याकडचा उजेड त्यात घालत होतो. ताई म्हणाली, "तू गप्प बस. हे सांगतील."

आणि भाऊजी बोलू लागले. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. या सिग्नलखाली साप असायचा, फायरमन उतरायचा नाही. हा चढ लागला की पावसात चाकं जागच्या जागी फिरायची. या सिग्नल केबिनमधला माणूस आपण जाताना खिडकीत यायचा, आपण हात करायचो, एवढीच ओळख; तो वारला तेव्हा मी सुट्टी काढून गेलो होतो, तुला आठवतं? ताई म्हणाली, "मला वाटलं होतं तुमचा कुणी नातेवाईक." यातलं पडद्यावर काही नव्हतं. पडद्यावर नुसते रूळ आणि खांब होते.

मग ते म्हणाले, "आता खिंड."

त्यांनी शिट्टी दिली. एक लांब, एक आखूड. गेममधली शिट्टी, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. ताईने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"इथून काय दिसायचं?"

"खाली चाळीची छपरं. चार. आपलं तिसरं. तू उठलेली असलीस तर मागचा दिवा दिसायचा."

"दिवा दिसायचा?" ती त्यांच्या आवाजाकडे वळली. "कधी बोलला नाहीत ते!"

"रोजचंच होतं."

मी पडद्याकडे पाहिलं. त्या सिग्नलवाल्याने छपरं ठेवली होती. चार, लाल, काड्यापेट्यांसारखी. दोघांनाही सांगायला तोंड उघडलं, तोवर ताई म्हणाली, "थांबवा ना. जरा थांबवा इथे."

भाऊजींनी ब्रेक लावला. पण गाडी उताराला, मागे खनिजाने भरलेल्या वॅगनी. ती सरकतच राहिली. छपरं खिडकीच्या कडेला गेली, कडेवरून मागे गेली. खिंड संपली, पूल आला, पुलाचं अर्धं अंतर गेलं तेव्हा कुठे चाकं थांबली.

"थांबली?" ताईने विचारलं.

"थांबली. पण पुढे आलो आपण. भरलेली गाडी आहे, जागच्या जागी थांबत नाही."

"मागे नाही घेता येणार?"

"मेन लाइनवर नाही घेत."

मी म्हटलं, "ताई, हा गेम आहे. पुन्हा पहिल्यापासून लावतो मी, एका मिनिटात. खिंडीच्या आधीच थांबवू."

ती म्हणाली, "नको. इथवर आलोय तर बंदर बघू." आणि स्वतःशीच हसली. "बघू म्हणे!"

भाऊजींनी ब्रेक सोडला.

गेम जागच्या जागी गोठवायचं एक बटण असतं. ते माझ्या हाताखालीच होतं. ती थांबवा म्हणाली तेव्हा दाबलं असतं तर चारही छपरं पडद्यावर राहिली असती. भाऊजींना ते माहीत नाही, ते ड्रायव्हर आहेत, त्यांनी ब्रेक लावला. मला माहीत होतं. ते मला आत्ता हे लिहिताना सुचतंय.

६ जुलै, रविवार

भाऊजी पुन्हा यायला लागले. डॉक्टर आता 'खाण ते बंदर' शिवाय दुसरं काही मागत नाहीत. ताई रविवारी सकाळी येते, दुकान उघडायच्या आधी. दोघं एक फेरी मारतात. मी बाहेर बसतो. आतून भाऊजींचा आवाज येतो, मध्येच तिचं हसणं. दार लावलेलं असतं, काय बोलतात ते कळत नाही, कळायचं कारणही नाही.

आज मात्र विचारून टाकलं. ताई पुढे गेली होती, सुताराशी पायऱ्यांना कठडा बसवायचं बोलत होती. भाऊजी हँडलं पुसत होते.

म्हटलं, "भाऊजी, एक खरं सांगा. तुम्ही जानेवारीत म्हणालात तेव्हाच मी तो रूट घेतला असता तर तिला दिसलं असतं का?"

मला वाटलं, ते म्हणतील काय उपयोग आता, किंवा सोड, किंवा तुला कुठे माहीत होतं. ताईसारखं काहीतरी. मी बहुतेक त्यासाठीच विचारलं होतं.

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. माझ्याकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "सगळं."

आणि ताईला हात द्यायला बाहेर गेले.